तापाची डबी

तनिषाचा फोन आला तेव्हा समर नाव नसलेल्या एका नळीकडे पाहत होता. नळीत चार मिलिलीटर रक्त होते, बूच घट्ट होते, सोबतचा फॉर्म व्यवस्थित भरलेला होता. फक्त नळीवर नाव नव्हते. त्याआधी पाच मिनिटे वॉर्डातली एक नर्स त्याला विनवत होती. ते रक्त तिनेच काढले होते, कोणाचे आहे ते तिला पक्के ठाऊक होते, त्या म्हाताऱ्या बाईंच्या शिरा सापडत नव्हत्या आणि पुन्हा सुई टोचणे म्हणजे छळ होता. समरने तिचे सगळे ऐकून घेतले आणि नेहमीचे उत्तर दिले : कोणाला काय ठाऊक आहे याच्याशी प्रयोगशाळेला कर्तव्य नाही, काय लिहिले आहे याच्याशी आहे. मग त्याने नळी बाद नमुन्यांच्या पिवळ्या डब्यात टाकली. लीड्सच्या त्या हॉस्पिटलात गेली सात वर्षे तो हेच करत आला होता. त्याच्या माघारी त्याला काय म्हणतात हे त्याला माहीत होते आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. “दादा,” तनिषा फोनवर कुजबुजत होती, म्हणजे ती एजवेअरच्या घरात जिन्यावर बसली असणार, “आई डब्या काढते आहे. ते काळेवाले, बाबांच्या कॅमेऱ्याचे. आय कॅनॉट टेक देम. माझे फ्रेंड्स हसेल.” समरने विचारले, किती डब्या. चार, ती म्हणाली. पोट, उलटी, सर्दी, ताप. आणि मग तिने, आवाज तुटला असे समजून, दोनदा हॅलो म्हटले.

ती मंगळवारी निघणार होती. विद्यापीठाची शेवटची परीक्षा झाली होती, दोन मैत्रिणी सोबत होत्या, पाच आठवडे हनोईपासून खाली सायगावपर्यंत जायचे होते. आईने तीन आठवडे नाही म्हटले आणि चौथ्या आठवड्यात एकच अट घातली : बँकॉकमध्ये विमान बदलायचे नाही. तनिषाला तिकिटासाठी वर पैसे भरावे लागले, पण तिने वाद घातला नाही. आठ वर्षांपूर्वी ती तेरा वर्षांची होती. त्या उन्हाळ्यात घरात मोठ्याने टीव्ही लावायचा नाही एवढेच तिला समजले होते. समरने तिला सांगितले की तो उद्या येतो. तिला आनंद झाला. दादा सायंटिस्ट असल्यामुळे तो आईची समजूत घालील असे तिला वाटले. फोन ठेवल्यावर त्याने पिवळ्या डब्याचे झाकण उगाचच पुन्हा एकदा दाबले.

त्या संध्याकाळी, घरी, त्याने स्वयंपाकघरातला सर्वांत खालचा खण उघडला. जास्तीच्या किल्ल्या, संपलेल्या बॅटऱ्या, एका जुन्या फ्लॅटच्या गॅस मीटरचे कार्ड यांच्या मागे ती होती. काळी, करड्या झाकणाची, पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या रोलची डबी. वर मायक्रोपोरच्या चिकटपट्टीवर आईच्या गोल अक्षरात ‘ताप’. या आठ वर्षांत त्याने चार घरे बदलली होती आणि चारही वेळा ती खोक्यात सगळ्यांत शेवटी ठेवून सगळ्यांत आधी बाहेर काढली होती. हलवली की तिचा आवाज येई. झाकण त्याने एकदाही उघडले नव्हते.

शनिवारी सकाळच्या गाडीत त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. कोटाच्या उजव्या खिशात डबी होती आणि त्याच खिशात हात होता. वेकफील्ड गेल्यावर त्याच्या लक्षात आले की आपण अंगठ्याने पट्टीची सुटलेली कड दाबून बसवतो आहोत. पट्टी बसत नव्हती. या डब्या त्याच्या वडिलांच्या. ते, रघुवीर, नगरपालिकेच्या कचेरीत नोकरी करत आणि रविवारी कॅमेरा घेऊन फिरत. मुलांचे फोटो थोडे आणि पुलांचे फार. ते गेल्यावर कॅमेरा कोणी वापरला नाही, पण डब्या आईने ठेवल्या, कारण त्या घट्ट होत्या, हवा लागत नव्हती, आणि अशी वस्तू टाकून देणे तिच्या स्वभावात नव्हते. पुण्याहून विष्णूमामा दरवर्षी कोणा ना कोणाबरोबर औषधांची पिशवी पाठवी. इथल्या डॉक्टरांवर आईचा राग नव्हता, पण ते काही देत नाहीत, नुसते पाणी प्यायला सांगतात, असे तिचे मत होते. पिशवी आली की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून गोळ्या पट्ट्यांतून एकेक बाहेर काढी आणि डब्यांत भरी. पट्ट्या जागा खातात. पट्ट्या ती फेकून देई. मुले सहलीला निघाली की डब्या त्यांच्या बॅगेत जात. समर प्रथम वर्गात बायोकेमिस्ट्री पास झाला, महिनाभरासाठी दोन मित्रांबरोबर पाठीवर सॅक टाकून निघाला, तेव्हाही त्या गेल्या.

दोन मित्र म्हणजे प्रज्ञेश आणि सारा. लीड्सला तिघे एका घरात राहत. साराचे वडील मिरजेचे आणि आई यॉर्कशरची. तिला मराठीतल्या तीन शिव्या आणि ‘जेवलीस का’ एवढे येत होते आणि ती ते एकाच सुरात म्हणे. प्रज्ञेश ब्रॅकनेलचा. त्याचे वडील कडूबा तिथे एका कंपनीत टेलिफोनच्या यंत्रांची देखभाल करत आणि आई कांताबाई शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. त्यांच्या दिवाणखान्यात बुद्धाची एक वीतभर मूर्ती आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो होता. दोन्हींना फक्त एक मेणबत्ती लागे. बँकॉकच्या देवळांत सोन्याच्या पत्र्यांनी मढलेला, पायाशी लॉटरीची तिकिटे ठेवलेला बुद्ध पाहून प्रज्ञेश मूर्तीभोवती एक चक्कर मारून आला होता. मग म्हणाला, “आमच्या घरी येऊ दे याला. आई पहिलं हे सगळं खरवडून काढेल.” आणि लगेच समरकडे वळून, तू काही मानत नाहीस म्हणून मिरवतोस, पण स्वतः तपासून बघ आणि मगच मान हे आमच्याकडे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून झालं आहे, तुझी डिग्री म्हणजे उशिरा पोचलेलं पत्र. तो असे बोले. त्याला हसताना आधी नाक चोळायची सवय होती, त्यामुळे विनोद येतो आहे हे समोरच्याला अर्धा सेकंद आधी कळे.

त्या शहराची समरला आता जी आठवण आहे ती चित्रांची नाही. उष्णतेची आहे, आणि आवाजाच्या जाडीची. रस्ता ओलांडायला उभे राहिले की मोटारसायकलींचा आवाज छातीच्या पिंजऱ्यातून जाई. सारा दोघांच्या मनगटांना धरून डोळे मिटून चाले. कालव्यातून जाणाऱ्या होड्या इतक्या वेगाने धक्क्याला लागत की उडी मारायला दोन सेकंद मिळत. सॅकच्या पट्ट्यांखाली शर्टावर मिठाच्या रेषा उमटत आणि प्रज्ञेश त्या नदीच्या नकाशासारख्या वाचून दाखवी. जिथे ते उतरले होते त्या लॉजच्या अंगणात मातीचे मोठे रांजण होते. त्यांत पाणी, पाण्यात कमळे. प्रज्ञेशला ते फार आवडले. सकाळी चहाचा ग्लास घेऊन तो त्यांच्या काठाशी उघड्या पायांनी बसे. रात्री तिघेही मच्छरदाणी काटेकोर लावत, कडा गादीखाली खोचत, मलेरियाची गोळी घड्याळ लावून घेत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, हे समरने नंतर वाचले. नंतर त्याने बरेच वाचले.

बाराव्या दिवशी प्रज्ञेशला ताप आला. डोळ्यांच्या मागे दुखते म्हणाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो एकोणचाळीस पूर्णांक चार होता. समरने थर्मामीटर दोनदा लावला होता. तेव्हा त्याने सॅकमधून डबी काढली. आल्यापासून त्या डब्यांवरून प्रज्ञेशने त्याला छळले होते. ‘समर अँड मदर, केमिस्ट्स’ असे नाव ठेवले होते, साराला सांगितले होते की पाचवी डबी लग्नासाठी आहे. आता मात्र त्याने उशीवरूनच हात पुढे केला. साराने विचारले, या कसल्या आहेत? पांढऱ्या, गोल, कसलेही नाव नसलेल्या दोन गोळ्या समरच्या तळहातावर होत्या. तो म्हणाला, “आईच्या आहेत.” आणि सारा, जी पाण्याच्या बाटलीचे बूचसुद्धा दोनदा तपासत असे, तिलाही हे उत्तर पुरले. दोन गोळ्या त्या संध्याकाळी, दोन दुसऱ्या दिवशी सकाळी. चौथ्या दिवशी ताप उतरला. प्रज्ञेश उठून बसला, भाताची पेज प्याला, बाहेर जाऊ म्हणाला. समरला अभिमान वाटला होता. बघ, तो म्हणाला होता, केमिस्ट्सचं नाव काढलंस तर. ताप उतरतो तेव्हाच या आजारात धोक्याचे दोन दिवस सुरू होतात, हेही नंतरचे वाचन. ते तिघे कालव्यावर गेले. धक्क्यावर होडीची वाट पाहताना प्रज्ञेशने नाक चोळले. समर हसण्याच्या तयारीने त्याच्याकडे वळला, तर त्याच्या बोटांवर रक्त होते. मग तो लाकडी फळ्यांवर बसला. अगदी सावकाश, कोणी खुर्ची मागे सरकवल्यासारखा.

हॉस्पिटल चांगले होते. हे समर स्वतःला नेहमी सांगतो, कारण तसे नसते तर सोपे झाले असते. डॉक्टर चाळिशीची, बुटकी, चष्मा डोक्यावर सरकवलेली बाई होती आणि तिचे इंग्रजी एकेक शब्द पारखून बाहेर येत होते. ताप कधी आला, किती होता, लघवी शेवटची कधी झाली. समरने प्रत्येक उत्तर आकड्यात दिले आणि तिने मान वर करून पाहिले, असा साक्षीदार तिला रोज मिळत नसावा. तुम्ही काय शिकता, असेही तिने विचारले. बायोकेमिस्ट्री, तो म्हणाला, फर्स्ट क्लास. मग तिने विचारले, तापासाठी काही औषध दिलंत? अ‍ॅस्पिरिन दिलं का? समरचा हात खिशात होता. खिशात डबी होती. ती काढून टेबलावर ठेवायची आणि म्हणायचे, माहीत नाही, एवढेच होते. खाली तळमजल्यावर प्रयोगशाळा होती, येताना त्याने पाटी पाहिली होती. पण त्याच्या डोळ्यांसमोर ती डबी त्या टेबलावर दिसली : फिल्मची डबी, वर मायक्रोपोर, वर या देशात कोणाला न वाचता येणारी अक्षरे, आत सुट्या गोळ्या. आणि पलीकडे त्याच्याकडे आदराने पाहणारी ती बाई. त्याला आईची लाज वाटली. शाळेच्या सहलीत डब्यातून मेथीचा पराठा निघाला की कानामागे जी ऊब चढत असे तीच चढली. वय बावीस, पदवी प्रथम वर्गाची. तो म्हणाला, “पॅरासिटमॉल.” तिने लिहून घेतले.

तिसऱ्या दिवशी पहाटे प्रज्ञेश गेला. रक्तस्राव थांबला नाही. प्लेटलेट्स मागवल्या होत्या, त्या आल्या, दिल्या, कमी पडल्या.

पीटरबरो मागे पडले. समोरच्या बाकावरच्या बाईने त्याला सँडविचचा अर्धा तुकडा देऊ केला. बहुधा तो बराच वेळ तिच्या सँडविचकडे पाहत होता. तो नको म्हणाला. या विषयावरचे जवळजवळ सगळे शोधनिबंध त्याने वाचले होते. अ‍ॅस्पिरिन रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना निकामी करते आणि ती प्लेटलेट मरेपर्यंत, आठ-दहा दिवस, निकामीच राहते. म्हणून या तापात ते देत नाहीत. पण अ‍ॅस्पिरिन न घेतलेलेही मरतात. घेतलेले जगतात. त्या डॉक्टरला खरे उत्तर मिळाले असते तर प्लेटलेट्स कदाचित पाच-सहा तास आधी मागवल्या गेल्या असत्या, कदाचित नाही. एका माणसावर प्रयोग होत नाही, त्याला तुलनेसाठी दुसरा प्रज्ञेश नसतो. हे सगळे तो एखाद्या विद्यार्थ्याला समजावावे तसे स्वतःला समजावू शके, आणि विद्यार्थी शेवटी एकच प्रश्न विचारी : पण गोळ्या कसल्या होत्या? याचे उत्तर कालपर्यंत त्याच्या खणात होते. त्याला यंत्राचीही गरज नव्हती. अ‍ॅस्पिरिनची गोळी वर्षे गेली की आपोआप विघटते, तिला व्हिनेगरचा वास येतो, अंगावर सुईसारखे स्फटिक उगवतात; झाकण उघडून नाक जवळ नेले की झाले. जो माणूस दिवसाला शेकडो नळ्यांमध्ये काय आहे ते सांगून पगार घेत होता, त्याला या एका डबीत काय आहे ते आठ वर्षे जाणून घ्यायचे नव्हते. कारण उघडेपर्यंत तो म्हणाला ते पॅरासिटमॉल असण्याची शक्यता जिवंत होती. असा विचार करणाऱ्या माणसाला त्याने स्वतःच्या प्रयोगशाळेत एक दिवस ठेवले नसते.

आणि कांताबाई. दर जुलैमध्ये त्या ब्रॅकनेलला प्रज्ञेशचा स्मृतिदिन करतात. पाच-सहा कुटुंबे येतात, त्रिसरण-पंचशील होते, पुण्यानुमोदन होते, आणि मेणबत्ती लावायला त्या दरवर्षी समरला पुढे बोलावतात. तो काही मानत नाही, तरी लावतो. “शेवटी त्याच्यापाशी आपलं माणूस होतं,” त्या जमलेल्यांना दरवर्षी सांगतात, “माझ्या लेकराला ह्यानं हातानं औषध दिलं.” पहिल्या वर्षी कडूबांनी त्याला आतल्या खोलीत नेले होते. यंत्रे दुरुस्त करणारा माणूस. त्यांना बिघाड कुठून सुरू झाला ते क्रमाने हवे होते. ताप किती होता, कोणत्या वेळी, काय दिलंस. त्यांनी डायरी उघडली होती. समर म्हणाला, पॅरासिटमॉल, काका. त्यांनी तो शब्द इंग्रजीत, एकेक अक्षर वेगळे, लिहिला. दोन वर्षांपूर्वी कडूबा गेले. डायरी कुठे आहे हे समरने कधी विचारले नाही. यंदाचा दिवस सहा आठवड्यांवर होता.

एजवेअरच्या घराचे दार तनिषाने उघडले आणि त्याला मिठी मारता मारता कानात सांगितले की आई ऐकत नाही, यू डू इट. तिची सॅक जिन्याखाली उभी होती, तिच्यापेक्षा थोडीच बुटकी. आई, म्हणजे मधुमती, स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. चष्मा, कात्री, मायक्रोपोरचा रोल, चार काळ्या डब्या. ताप लिहिलेली डबी वेगळ्या रोलची होती, तिचे झाकण करडे नसून काळे होते. जुनी हरवल्यावर आणलेली बदली. त्यांनी समरला चहा हवा का विचारले आणि तो हो म्हणायच्या आत उठून आधण ठेवले. तनिषाने दारातून दोघांकडे पाहिले आणि कामे असल्यासारखी वर निघून गेली. समर टेबलाशी बसला. तो काय बोलणार होता ते त्याने गाडीत ठरवले होते : आई, गोळ्या नेहमी पट्टीतच ठेवाव्यात, नाव आणि तारीख दिसली पाहिजे, एवढेच, प्रयोगशाळेत नव्या माणसाला सांगावे तसे, कारण न देता. सुरुवात करायला हाताला काहीतरी हवे म्हणून त्याने नवी डबी ओढून उघडली.

आत सुट्या गोळ्या नव्हत्या. पट्टीचे कापलेले तुकडे होते, प्रत्येकात दोन गोळ्या, आणि कापताना कात्री मुद्दाम वळवून नावाची बाजू राखलेली होती. पॅरासिटमॉल, पाचशे मिलिग्रॅम, इथल्या दुकानातले. मागच्या बाजूला तारीख. सोबत घडी घातलेली चिठ्ठी, तिच्यात इंग्रजीत नाव, किती, किती तासांनी. आणि खाली, रेघ ओढून, की दुसरी कुठलीही गोळी तापात घेऊ नये. त्याने दुसऱ्या डब्या उघडल्या. सगळ्या तशाच.

“हे असं कधीपासून करतेस?”

त्या पाठमोऱ्या होत्या. आले किसत होत्या. “बरीच वर्षं झाली.”

“किती?”

“तू बँकॉकहून आलास तेव्हापासून.”

कामाची पद्धत कोणी उगाच बदलत नाही. वर्षानुवर्षे चाललेली पद्धत एका आठवड्यात बदलली असेल तर त्या आठवड्यात दोष सापडलेला असतो. समर हे दर ऑडिटला सांगत असे. तो डबीतला एक तुकडा उलटसुलट करत राहिला. आधण उकळून वर आले, त्यांनी गॅस बारीक केला, आणि मग, अजूनही तिकडेच तोंड करून, सांगितले. तो परत आला त्याच आठवड्यात, तो वरच्या खोलीत झोपून असताना, त्या विष्णूमामाने पाठवलेली पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या शशीभाईंच्या औषधांच्या दुकानात गेल्या होत्या. मुलाच्या मित्राला डेंग्यू झाला होता असे सांगून, यातले काय चालले असते, असे विचारले. शशीभाईंनी पिशवीतून तापाच्या दोन पट्ट्या काढल्या. एक परत पिशवीत टाकली. दुसरी काउंटरवर बाजूला ठेवली आणि म्हणाले, बेन, ही नाही.

“आणि डबीत यांतली कुठली होती?”

“दोन्ही.” त्या वळल्या. “पाच आणि पाच. मोजून टाकल्या होत्या मी. एकीनं उतरला नाही तर दुसरी असावी.”

समरने विचारले, मग तू मला कधी विचारलं का नाहीस. त्याचा आवाज त्याला अपेक्षित होता त्यापेक्षा वर गेला. त्यांनी चहा गाळला, कप त्याच्यासमोर ठेवला, कपाचा कान त्याच्या उजव्या हाताकडे वळवला.

“तू म्हणालास, डबी हरवली,” त्या म्हणाल्या. “तुझी वस्तू कधी हरवत नाही.”

म्हणजे आठ वर्षे एकाच छपराखाली नव्हे, पण एकाच प्रश्नाखाली ते दोघे राहत होते. दर रविवारी फोनवर लीड्सची हवा, एजवेअरची हवा, तनिषाचे मार्क, आणि दोघांनाही वाटत होते की आपण दुसऱ्याला वाचवतो आहोत. समरने खिशातून डबी काढली आणि चहाच्या कपाशेजारी ठेवली. मधुमतींनी आपले अक्षर पाहिले. त्या बसल्या. थोड्या वेळाने उठल्या, फळीवरून एक स्टीलची ताटली घेऊन आल्या, पदराने नव्हे, मुद्दाम स्वच्छ फडक्याने पुसून त्यांनी ती त्याच्यासमोर ठेवली.

झाकण घट्ट होते. नखाने उचलावे लागले. वास लगेच आला. तीव्र नव्हता, लोणच्याची बरणी शेजारच्या खोलीत उघडावी तसा. त्याने डबी उपडी केली. गोळ्या ताटलीवर वाजल्या आणि एक कडेपर्यंत घरंगळत जाऊन थांबली. सहा. त्याच्या मनात आधी आले ते हे की बेरीज जुळते : दहा टाकल्या, चार दिल्या, सहा उरल्या, कोणी मध्ये हात घातलेला नाही. मग त्याने पेन्सिलीच्या टोकाने त्या वेगळ्या केल्या. तीन गोळ्या कडेने ठिसूळ झाल्या होत्या आणि त्यांच्या अंगावर बारीक पांढऱ्या सुया उभ्या होत्या, हिवाळ्यात गाडीच्या काचेवर बर्फाच्या असतात तशा. उरलेल्या तीन जशाच्या तशा होत्या, काल पट्टीतून काढाव्यात इतक्या गुळगुळीत. अशी तपासणी पुरेशी आहे का? त्याला त्रयस्थाने विचारले असते तर तो नाही म्हणाला असता. त्याने आईला सांगितले, ज्या आवाजात तो वॉर्डांना निकाल कळवत असे त्या आवाजात : या तीन त्या, आणि या तीन साध्या.

मधुमतींनी चष्मा काढून ताटलीकडे पाहिले, मग लावून पाहिले.

“त्याला किती दिल्यास?”

“चार.”

त्यांचे ओठ हलले. पाचांतून तीन, पाचांतून तीन. त्यांना वेळ लागला नाही, तरी त्या पुन्हा मोजत असाव्यात, कारण तर्जनी ताटलीच्या काठावरून दोनदा फिरली. वर तनिषाच्या खोलीत ड्रॉवर उघडल्याचा, बंद केल्याचा आवाज झाला.

“म्हणजे दोन,” त्या म्हणाल्या. आणि थोडे थांबून, “एक तुझी. एक माझी.”

समरकडे यावर बोलण्यासारखे पुष्कळ होते : की मात्रा कमी होती, की दोन गोळ्याही प्लेटलेट्स निकामी करायला पुरतात, की तरीही सिद्ध काही होत नाही, की दोष असा समान तुकड्यांत वाटता येत नाही, की त्या खिशातल्या हाताचा दोष आईच्या वाट्यात मोडत नाही, तो सगळा त्याचा आहे, आणि तो शब्द. त्याने शेवटचे तेवढे सांगितले. डॉक्टरला काय म्हणालो ते, आणि का ते. डबीची लाज वाटली हे सांगताना त्याने ‘तुझी’ म्हटले नाही, पण त्या समजल्या, आणि त्यांनी ताटलीवरून नजर उचलली नाही. कडूबाकाकांनी तो शब्द लिहून घेतला होता, हेही त्याने सांगितले. चहावर साय धरली.

तनिषा खाली आली. हातात टॉवेलची गुंडाळी होती आणि तोंडावर दादा जिंकला का हा प्रश्न होता. तिने ताटली पाहिली, जुनी डबी पाहिली, आईचा चेहरा पाहिला. तिला कोणी काही सांगितले नाही. तिने टेबलावरची नव्या झाकणाची डबी उचलली, आतली चिठ्ठी काढून पूर्ण वाचली, पुन्हा घडी घालून आत ठेवली आणि जिन्याखाली जाऊन सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात घातली. चेन ओढल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. मग ती परत येऊन उरलेल्या तीन घेऊन गेली.

मधुमतींनी सहा गोळ्या एकेक करून जुन्या डबीत टाकल्या आणि झाकण दाबले. पट्टीची सुटलेली कड त्यांनाही दिसली. रोलमधून नवा तुकडा कापून त्यांनी तो जुन्या अक्षरांवरून, ती झाकली जाणार नाहीत असा, कडेने चिकटवला. डबी त्यांनी समरकडे दिली नाही. खुर्चीच्या पाठीवरची पर्स घेतली, तिच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि उठून दारामागचा कोट काढला.

“कांताबाई आज घरी असतील?”

“शनिवारी असतात.”

“ब्रॅकनेलला शनिवारच्या गाड्या असतात ना?”

समर उभा राहिला. त्यांच्या एका हाताला कोटाची बाही सापडत नव्हती. त्याने मागून ती धरून ठेवली.

“वॉटर्लूहून,” तो म्हणाला. “दर अर्ध्या तासाने.”